करडा समुद्र

वाचकहो, अंतराळात प्रथम गेलेल्या वीरांच्या हकिगती आपण वाचल्याच असतील. प्रस्तुत कथेत मात्र जो गेला नाही, त्याच्या अंतःकरणातील मत्सराचे यथामती वर्णन करण्याचे योजिले आहे.

सन एकोणीसशे एकसष्टमध्ये, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, डेल्मर हॅस्किन्स हा रॉय थिबोडोचा राखीव वैमानिक होता. उड्डाणाच्या सकाळी राखीवाने आधी यानात आडवे होऊन एकेक कळ तपासायची आणि मग ती ऊबदार जागा दुसऱ्याला द्यायची, असा तेथील रिवाज. डेल्मरने तेही केले. रॉयचे पट्टे स्वहस्ते आवळले, जरा जास्तच.

"लेका, श्वास तरी घेऊ दे," रॉय हसला.

"वर जाऊन घे."

पंधरा मिनिटांत रॉय जाऊन आला. समुद्रातून उचलून घेणाऱ्या जहाजावरच त्याने आपला अनुभव ध्वनिफितीवर सांगितला. ती फीत तपासण्याचे काम डेल्मरकडे आले. "समुद्र निळाशार, किनारा हिरवागार," हे शब्द ऐकताच तो ताठ बसला. यानातून खाली पाहायचे ते दुर्बिणीतूनच, आणि परत आलेल्या यानात तिच्यावर उन्हासाठीची करडी काच तशीच सरकवलेली त्याने पाहिली होती. मग रंग दिसले कोठून? कित्येक महिन्यांनी त्याला सडकून भूक लागली.

न्याहारीच्या टेबलाशी त्याने हळूच विचारले, "काय रे, समुद्र कसा होता?"

रॉयने अंडे खाता खाता इकडेतिकडे पाहिले. "करडा. सगळंच करडं. मी आत शिरलो तेव्हा काच लावलेलीच होती. काढायला गेलो तर मनगट सुटकेच्या दांड्याला लागत होतं; तो ओढला गेला असता तर उड्डाणच मोडलं असतं."

डेल्मरला आठवले. आडवे असताना डोळ्यांत ऊन आले होते. आपणच निघालो आहोत अशा स्वप्नात त्याने काच सरकवली होती, आणि तशीच विसरला होता.

"मग खोटं कशाला बोललास?"

"काच कोणी ठेवली, हे विचारलं असतं. पुढची फेरी तुझी आहे, गाढवा."

पहिला मान त्याचा, टाळ्या त्याच्या, आणि आता थोरपणाही त्याचाच. हे मात्र डेल्मरला गिळवेना. त्याने तडक अहवाल लिहिला: काच मी ठेवली, वैमानिकास समुद्र करडाच दिसला.

प्रमुखांनी तो दोनदा वाचला. "पुढची फेरी जाईल तुझी. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

पुढच्या फेरीस दुसराच गेला. डेल्मरने त्याचेही पट्टे आवळले. परंतु रॉयपुढे त्याची मान त्यानंतर कधी खाली गेली नाही.

वाचकांनी वेळ दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे.

आपला नम्र,
दामोदर शिवराम पेडामकर