वाळक्या काड्यांची राखण

"ऊठ तिथून," वन्सं म्हणाल्या. "सिमेंटची गाडी गेटात येऊन उभी आहे."

"उभी राहू दे की," मीटरवाली म्हणाली आणि खुर्ची आणखी जरा भिंतीकडे सरकवून बसली.

इमारतीच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, मातीचा एक लांबट पट्टा होता. त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून ती सकाळपासून ठाण मांडून बसली होती. दोन्ही बाजूंना ओळीने वाळक्या काड्या, मातीतून जेमतेम बोटभर वर आलेल्या, आणि प्रत्येकीभोवती विटांच्या तुकड्यांचे रिंगण. पोरांनी खेळ मांडून अर्धवट टाकला असावा, असेच कुणालाही वाटले असते. हा पट्टा सिमेंटचा करून तिथे गाड्या लावायच्या, असे बैठकीत ठरले होते. ठराव मांडला होता सेक्रेटरीबाईंनी, आणि सेक्रेटरीबाई म्हणजे तिच्याच सख्ख्या नणंदबाई, समोरच्या दारात राहणाऱ्या. विरोधात एकच हात वर झाला. तिच्या नवऱ्याचे दोन्ही हात त्या वेळी चष्मा पुसण्यात गुंतले होते.

घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची तिची नोकरी, म्हणून ती मीटरवाली. इतकी वर्षे पायपीट केल्यावर माणसाला रस्ते पाठ होतात. तिला झाडे पाठ झाली होती. बर्फाच्या कारखान्याच्या आवारात एक बिबला होता, अख्ख्या शहरात तेवढाच. एके काळी या भागात बिबल्याचे रान होते म्हणतात. लाकूड चिवट, पाण्याला न जुमानणारे; दारे, चौकटी, खांब करता करता लोकांनी ते संपवले. हा एक कसा कोण जाणे राहून गेला होता. सालीला नुसते खरचटले तरी रक्तासारखा तांबडा चीक यायचा, आणि शेंगा चपट्या, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढ्या, मधोमध बी. दर महिन्याला आकडा लिहून झाला की ती त्याच्याखाली बसून डबा खायची.

एका महिन्यात गेली तर झाड नाही. बुंध्यावर तांबडे ओघळ तेवढे सुकत होते. मॅनेजर म्हणाला, "पानं पत्र्यावर पडायची हो फार." तिचे डोके असे फिरले की त्या महिन्याचा आकडा तिने चुकीचा लिहिला आणि ऑफिसात बोलणी खाल्ली.

पिशवीच्या तळाशी मागल्या खेपेच्या मूठभर शेंगा राहिल्या होत्या. त्याच तिने या पट्ट्यात पेरल्या.

रोपे आली, हातभर झाली आणि उन्हाळा तापल्यावर शेंड्यापासून जमिनीपर्यंत वाळून खडखडीत झाली. सगळ्या इमारतीने हळहळ व्यक्त केली. पाऊस पडल्यावर त्याच जागी नवा कोंब आला, पहिल्यापेक्षा जाड. पुढच्या उन्हाळ्यात तोही वाळला. तिसऱ्या वर्षी लोकांची हळहळ संपून करमणूक सुरू झाली. बिबल्याची तऱ्हाच अशी; सुरुवातीची काही वर्षे तो वर नुसता तोंड दाखवून जातो आणि सगळी कमाई खाली मुळात साठवतो. हे ती ज्याला त्याला सांगून दमली. वाळक्या काड्यांना पाणी घालणाऱ्या बाईचे कोण ऐकणार? आणि वन्संनी गेटाशी ठेवलेले कुंडीतले पाम तर बारा महिने हिरवेगार. त्यातला एक प्लास्टिकचा होता, पण ते सोडा.

आता सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गाडीचा ड्रायव्हर कोपऱ्यावर येऊन घड्याळ बघत होता. "बाई, माल घट्ट होतोय," तो म्हणाला.

"मेलेल्या काड्यांसाठी का हसं करून घेतेस गं स्वतःचं?" वन्संचा आवाज चढला. "आणि माझंही. लोक मलाच विचारतात, घरचीच ऐकत नाही का म्हणून."

"मेलेल्या नाहीत त्या."

"हे चौथं वर्ष ऐकतेय. जिवंत असतील तर दाखव ना मला."

मीटरवालीने काड्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. दाखवायचे तर उपटावे लागणार, आणि उपटले की संपले. हे वन्संना कुठून कळणार? समोर गाडीचा ड्रम गरगरत होता. एक गेले तर कदाचित बाकीची राहतील. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळी सिमेंटखाली. ती उठली, बाह्या वर सारल्या आणि गॅलरीतून बघणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "पहार आण."

बायको आणि बहीण यांच्या मध्ये सापडलेला तो गरीब माणूस पहार घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "ते कडेचं काढ. बारकं आहे, तसंही नसतं जगलं."

"मरतुकडं काढून दाखवलं तर मरतुकडंच दिसेल," ती म्हणाली, आणि सगळ्यांत जोमदार रोपाभोवतीच्या विटा तिने बाजूला केल्या.

माती टणक होती. बराच वेळ नुसता पहारेचाच आवाज येत होता. आधी वाटले, काही नाहीच खाली. मग काडीच्या खाली मूळ दिसू लागले, अंगठ्याएवढे, आणखी खाली मनगटाएवढे, आणि संपेचना. खड्ड्यात तिचा अख्खा हात खांद्यापर्यंत गेला तरी टोक लागेना. गॅलरीतले हसणे केव्हा थांबले ते तिच्या लक्षातही आले नाही. शेवटी दोन्ही हातांनी तिने ते ओढले आणि ते खाली कुठेतरी कट्कन तुटले. तुटल्या जागी तांबडा चीक पाझरून आला.

ते तसेच तिने वन्संच्या हातात दिले.

वन्सं नियमाच्या पक्क्या होत्या, पण डोळ्यांना खोटे ठरवणाऱ्या नव्हत्या. मूळ त्यांनी वरखाली करून पाहिले. त्याच्या वजनाने त्यांचा हात खाली गेला.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "हे सगळं खाली होतं?"

"सगळ्यांच्या खाली आहे."

"बरं. परत पुरून टाक आता लवकर. बघितलं मी."

"सोटमूळ तुटलं, वन्सं. आता नाही जगायचं ते."

वन्संनी बोटांवरचा तांबडा डाग पाहिला. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "गेटातले खड्डे भरा तो माल घालून. इथे आज नाही. ठराव मला एकटीला मोडता येत नाही, पण बैठक परत बोलावता येते." जाता जाता त्यांनी मूळ जपून विटांवर ठेवले. "आणि तू इथे दुसरं बी लाव. मी कुणाला तुडवू देणार नाही."

"दुसरं बी नाही," मीटरवाली म्हणाली. "झाडच कुठे राहिलंय बी द्यायला?"

"मग एवढ्या जागेत तरी सिमेंट घालू दे की. रिकामीच राहणार ना?"

"राहू दे रिकामी. पण मातीच राहील."

ती खाली बसून हातांनी खड्डा बुजवू लागली. चार वर्षे तिने जिवापाड जपलेले, सगळ्यांत चांगले रोप तिने स्वतःच्या हाताने मारले होते आणि आता तिला रडू आवरेना. ती सगळ्यांसमोर रडली. नवरा शेजारी येऊन बसला आणि माती लोटू लागला. गॅलरीतून एकेक जण आत जाऊ लागला तशी तिने मान वर केली. नाक, डोळे, गाल सगळे मातीने भरले होते.

"आत कुठे चाललात?" तिने खालूनच विचारले. "बैठकीची तारीख ठरवून जा. मी येणार आहे."