उत्तम वर्तनाबद्दल

टक्. मग टक्-टक्-टक्. टेबलावरून पेन्सिल घरंगळली, फरशीवर तीनदा उडाली आणि कपाटाखाली गेली. त्या खोलीत तासाभरात झालेला तो पहिला आवाज. पेन्सिल काढायला ठकू पालथी पडली, हात घालून चाचपू लागली आणि तिच्या हाताला मी लागलो.

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. इंग्रजी-मराठी. जुन्या चपलांच्या खोक्याला टेकून बरीच वर्षं मी तिथे पडून होतो. ठकूनं मला ओढून बाहेर काढलं, फ्रॉकनं पुसलं आणि लगेच शिंकली.

"आई, यात मिळेल ना तो शब्द?"

आई टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे शाळेची डायरी उघडी होती. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला ओळखलं होतं तिनं. पण ते पुढे सांगतो.

आमचा जन्म छापखान्यात होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी पानं शिवणाऱ्या बाईंचे हात खळीनं पांढरे झालेले असायचे. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवरून तळवा फिरवला, अगदी बाळाला थोपटावं तसा. तेवढंच माझं बालपण. मग गठ्ठा, मग दुकान, आणि तिथून मी मुलींच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गातल्या बाईंच्या कपाटात गेलो. मी बक्षीस होतो. माझ्या पहिल्या पानावर चिठ्ठी डकवली होती, वळणदार अक्षरात: 'उत्तम वर्तनाबद्दल', आणि खाली एका मुलीचं नाव. समारंभाला आठवडा होता. नवरदेवासारखा मी वाट पाहत बसलो.

त्याच आठवड्यात शिवणाच्या बाईंची कात्री हरवली. वर्ग झाडणाऱ्या मावशींवर आळ आला. मावशी रडून सांगत होत्या, पण ऐकतंय कोण? तेव्हा एक मुलगी उभी राहिली. मी कपाटाच्या दाराआडून ऐकत होतो.

"बाई, कात्री तुमच्याच पिशवीत आहे. सकाळी तुम्हीच ठेवलीत. आम्ही दोघींनी पाहिलं."

"दोघींनी? दुसरी कोण?"

"ही. माझ्या शेजारची."

शेजारची उभी राहिली. दोघी एका बाकावरच्या, एका डब्यात जेवणाऱ्या. ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, बाई."

कात्रीचं पुढे काय झालं, मावशींचं काय झालं, मला कळलं नाही. माझं काय झालं ते सांगतो. कपाट उघडलं. पहिल्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवली गेली. मजकूर तोच, अक्षर तेच, फक्त नाव बदललं. उभं राहून बोलली तिचं नाव खाली गेलं, आणि 'मी काही पाहिलं नाही' म्हणाली तिचं वर आलं.

ती वर आलेली मुलगी म्हणजे ठकूची आई.

बक्षीस घेऊन ती घरी आली तेव्हा कौतुकाला ऊत आला होता. "आमची पोर नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं तिचे वडील येईल-जाईल त्याला सांगत होते. आणि ती? खिडकीशी जाऊन तिनं माझं पहिलं पान उजेडासमोर धरलं. खालचं नाव आरपार दिसलं तिला. तेव्हापासून मला ती नेहमी मधूनच उघडायची. शाळा, कॉलेज, नोकरीचा अर्ज, सगळ्याला मी तिच्या उपयोगी पडलो, पण माझं पहिलं पान तिनं पुन्हा कधी उलटलं नाही.

पुढे फोन आला आणि माझी गरज संपली. एक काम मात्र मिळालं. जेवायच्या खुर्चीवर मला ठेवून माझ्यावर छोट्या ठकूला बसवत, तिचे हात ताटापर्यंत पोचावेत म्हणून. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. लाखभर शब्द पोटात घेऊन मी एका पोरीला उंच करत होतो! मग ती आपली आपणच उंच झाली आणि माझी रवानगी कपाटाखाली.

तर ठकू आता नऊ वर्षांची आहे, आणि परवा तिच्या शाळेत तपासणीला पाहुणे आले होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमची मुलं दर आठवड्याला लायब्ररीत वाचतात." ठकूनं हात वर केला. "नाही, आम्ही कधीच गेलो नाही. लायब्ररीला कुलूप असतं. आम्ही काचेतून पुस्तकं बघतो."

पाहुणे हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या. पाहुणे गेल्यावर हसू गेलं आणि डायरीत लाल शाईनं तीन शब्द आले: 'डझ नॉट बिहेव.' शिवाय खोटं बोलल्याबद्दल माफीचं पत्र आणायचं, आईच्या सहीनिशी. ते येईपर्यंत ठकूला वर्गात बसायचं नाही. दोन दिवस ती ऑफिसबाहेरच्या स्टुलावर बसून होती. उद्या तिसरा.

ठकूनं माझ्या पानांवरून बोट फिरवत फिरवत तो शब्द गाठला.

"बिहेव म्हणजे वागणे. वर्तन करणे." तिनं मान वर केली. "म्हणजे मी वागत नाही? आई, मी तर दिवसभर वागतच असते!"

आईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "अगं, नीट वागत नाही, असं."

"पण 'नीट' कुठे लिहिलंय?"

"ते त्यातच असतं."

पोरीनं बरोबर बोट ठेवलं होतं, मित्रांनो. मराठीत नुसतं 'वाग' म्हटलं तर समोरचा विचारतो, कसं वागू? या इंग्रजी शब्दाला ती सोय नाही. एखाद्या पोरावर तो एकटा फेकला की 'चांगलं' त्याच्या पोटातच असतं. चांगलं म्हणजे काय, हे मात्र त्याच्या पोटात नाही. माझ्याही नाही. ते ज्याच्या हातात लाल पेन असतं त्याच्याकडे असतं. आणि हा शब्द नेहमी वरून खाली येतो. बाई मुलांना म्हणतात, मालक कुत्र्याला म्हणतो. खालून वर गेलेला मी तरी ऐकला नाही.

इतक्यात दारातून बाबा डोकावले, खांद्यावर ओला टॉवेल.

"काय म्हणतायत वकीलसाहेब? झालं का पत्र?"

"बाबा, लायब्ररीला खरंच कुलूप आहे."

"असेल गं राणी. कुलूप त्यांचं, शाळा त्यांची. दोन ओळी खरड आणि मोकळी हो. वर्ष वाया घालवायचंय का?" मग आईला, हळू आवाजात: "तू सांग तिला. तू कधी कुणाला उलटून बोलली नाहीस, तुझ्यावर का नाही गेली ही?"

बाबा गेले. आईनं खुर्ची ठकूजवळ ओढली, तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

"लिही, बाळा. मी सांगते तसं. मी पाहुण्यांशी खोटं बोलले."

"पण मी..."

"माहितीये मला. लिही. एकदा लिहिलं की संपलं."

संपत नाही, मित्रांनो. तिच्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? पण आई घाबरली होती. पोरगी तिसऱ्या दिवशीही त्या स्टुलावर बसेल, मग सगळी शाळा तिच्याकडे बोट दाखवेल, हे तिला दिसत होतं. मायेनंच सांगत होती ती. त्याचाच मला जास्त राग आला.

ठकूनं लिहिलं. आईनं सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू काहीतरी मागत असतो. पानं दुमडू नका, ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, वगैरे. माझं तसं काही मागणं नाही. मला वाळवीनं खाल्लं तरी चालेल, पण कुलपात ठेवू नका. आणि कोणी तुमच्या अंगावर एखादा शब्द फेकला तर मला उघडा. माझ्यात अर्धाच अर्थ सापडेल. उरलेला कोणी घातला, ते विचारा.

पत्र लिहून झाल्यावर ठकू मला बंद करत होती. तिला नखानं खरवडायची खोड आहे. सहज म्हणून तिनं माझं पहिलं पान उलटलं. वरच्या चिठ्ठीचा कोपरा सुटला होता, डिंक वाळून कधीच भुगा झाला होता. तिनं तो उचकटला आणि चिठ्ठी अख्खी तिच्या हातात आली.

"आई! तुझ्या नावाखाली दुसरंच नाव आहे!"

आईचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तुझी मैत्रीण होती ही?"

आईनं मान हलवली. होय म्हणून.

ठकूनं हातातली चिठ्ठी पानावरच्या चिठ्ठीशेजारी धरली. मग डायरीतल्या लाल अक्षरांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"आई, मग ही वागली नव्हती का?"