निवृत्तीचा कोपरा

इनायतने वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं आणि डब्याच्या दाराशी येऊन थबकला. सुमनबाई दारात आडव्या उभ्या होत्या.

“त्या कोपऱ्यात पोतं नको, इनायतभाऊ.”

“वहिनी, पुढे वजन पाहिजे. नाहीतर घाटात डबा मागून झोकांड्या खायला लागेल. जीप दरीत, आपणही दरीत.”

“ती त्यांची जागा हाय.”

इनायतने पोतं खांद्यावरून खाली उतरवलं. डबा म्हणजे धरणाच्या सर्वेक्षण पथकाचा राहायचा ट्रेलर. दोन चाकं, पत्र्याच्या भिंती, आत दोन बाकं. यंत्रांचं लोखंडी कपाट कुणा शहाण्याने पार मागच्या टोकाला ठोकून बसवलेलं, आणि साहेबांच्या सहीशिवाय त्याचा एक बोल्ट हलवायची सोय नाही. त्यामुळे डबा मागे जड. जीप सुटी केली की तिला जोडायचा पुढचा दांडा टुणकन वर जाऊन आभाळाकडे बघत बसायचा. या दुखण्यावर औषध एकच होतं, सुमनबाईंचा नवरा, पथकाचा चौकीदार निवृत्ती. अंगाने चांगला पहिलवान. प्रवासात तो आत पुढच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून बसे, आणि डबा शहाण्या बैलासारखा मागे येई. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हा नियम ड्रायव्हर म्हणून इनायतला पाठ होता. दोघांनी मिळून तो वर्षानुवर्षं मोडला.

गेल्या महिन्यात निवृत्ती नाशकातच तापाने गेला. दहाव्याला गोदेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी नाही नाही ती वचनं दिली, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. इनायत लांब पायरीवर उभा राहून ते बघत होता. आज डबा कळवणच्या कॅम्पवर न्यायचा होता आणि वाटेत सुमनबाईंना गावच्या फाट्यावर सोडायचं होतं.

त्याने पोतं गुपचूप जीपमध्ये टाकलं. घाटाच्या तोंडाशी थांबून आत ठेवू, तिथे वहिनीचं ऐकायचं नाही, असं त्याने ठरवलं. दांड्याला लोंबकळून कसाबसा तो खाली आणला, पिन घातली आणि निघाला.

दिंडोरी मागे पडली तरी त्याचा एक डोळा आरशातच होता. डबा हलत नव्हता. समोरून भरधाव ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने जीपसुद्धा थरथरली, पण डबा जागच्या जागी. इनायतला खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याने आरसा पुन्हा एकदा नीट करून बघितला.

नदीचा पूल आला तशा शेजारी बसलेल्या सुमनबाई मागे डब्याकडे वळल्या.

“अहो, कादवा आली. पूल वलांडतोय. संगं ऱ्हावा.”

“कुणाला सांगता, वहिनी?”

“परगावी वारलेल्या माणसाला घरी नेताना पाणी आलं की सांगावं लागतं. नाय तर तो काठालाच ऱ्हातो.”

इनायतने पूल संपेपर्यंत जीप अगदी हळू नेली.

वणी सोडून घाटाच्या तोंडाशी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. इनायतने चाकाला दगड लावला, पोतं उचललं आणि डब्याचं दार उघडलं. आत तंबाखूचा ताजा वास होता. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने सतरंजी गुंडाळून बाकाला बांधली होती. ती आता कोपऱ्यात अंथरलेली होती, आणि मधोमध दबलेली.

तो भ्यायला. अगदी मनापासून भ्यायला. पण त्या भीतीच्या आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. पोतं टाकावं तर दोस्ताच्या मांडीवर. न टाकावं तर खाली दरी, आणि जीपमध्ये दोस्ताची बायको. बराच वेळ तो पोतं पोटाशी धरून उभा राहिला. मग ते रस्त्याच्या कडेला ठेवून परत आला.

“ठिवलं का?”

“जागा नव्हती,” इनायत म्हणाला.

खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत तो घाट उतरला. प्रत्येक वळणाला तो आरशात बघे. डबा काही न बोलता मागे येत राहिला.

फाट्यापासून गावची वाट अरुंद होती. डबा इथेच ठेवून जीपने सामान पोचवू, असं म्हणत इनायतने दगड लावून पिन काढली आणि सवयीने झटकन बाजूला झाला. दांडा वर उडालाच नाही. त्याने दोन्ही हातांनी उचलून बघितला. जीपच्या हुकावर दांडा घट्ट दबून बसला होता, तसूभर हलेना.

सुमनबाईंनी डब्याचं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला आणि वाट देऊन उभ्या राहिल्या.

“उतरा आता. घर आलं.”

डबा किंचित कलला, पायरीवर कुणी जड माणूस उतरावा तसा. आणि इनायतच्या हातातून दांडा सावकाश वर गेला.

“सामान मागनं आणा, भाऊ. आमी चालतच जातो.”

वाटेचा मधला भाग मोकळा सोडून त्या कडेकडेने चालू लागल्या. दिसेनाशा होईपर्यंत इनायत बघत राहिला. मग डोळे पुसून जीपने सामान पोचवून आला आणि दांड्याला लोंबकळला. इथून कळवणपर्यंत पुढे वजन लागणार होतं, आणि पोतं तर तो घाटातच ठेवून आला होता.