सभागृह देण्याबाबत

महिन्याच्या सभेच्या दिवशी काकू शिवणाची कामं सकाळीच उरकून घेत. त्यांचं दुकान म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या बाजारातला एक अरुंद गाळा. पुढे त्यांचं मशीन, मागे यजमानांचं, आणि दोघांच्या मधे कापडांची गाठोडी. यजमान पुरुषांचे कपडे शिवायचे, काकू बायकामुलांचे. गेल्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष स्वतः गाळ्यात येऊन बसले आणि त्यांना उभं राहायचा आग्रह करून गेले. काकूंना सगळी गल्ली ओळखत होती आणि चार लोकांत त्या तोंड फारसं उघडत नसत. अध्यक्षांना नेमकं असंच माणूस हवं होतं. निवडून आल्यावर गल्लीतल्या बायका त्यांना चेष्टेनं मेंबरबाई म्हणायच्या, पण बटण लावून घ्यायचं असलं की पुन्हा काकू.

त्या सकाळी पंपवाल्याची बायको थोरल्या मुलीला घेऊन आली. पंपवाला बोर्डाच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता. केस पांढरे व्हायला लागले तरी अजून रोजंदारीवरच. मुलगी काकूंच्या चांगल्या ओळखीची. शाळा सुटली की गाळ्यापुढे थांबायची आणि कुठल्या बाईंनी कुणाला बाकावर उभं केलं, कुणाच्या डब्यात झुरळ निघालं, सगळं एका दमात सांगून मगच घरी जायची. काकूंनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं.

काकूंनी गळ्यातला टेप काढला आणि विचारलं की शाळेचा गणवेश आखूड झाला वाटतं. आई म्हणाली, नाही, लग्नाचे कपडे शिवायचेत. काकूंना वाटलं, कुणाच्या तरी लग्नात मिरवायला असतील. त्या खांद्यापासून माप घेऊ लागल्या. रेडिओ दोन्ही हात पसरून उभी होती आणि टेप लागला की गुदगुल्या होऊन वाकडी होत होती. छातीचं माप झालं, तशी आई खाली बघत म्हणाली, "शिवणीत कापड भरपूर सोडा, काकू. वाढतं अंग आहे. सासरी गेल्यावर उसवून मोठं करता येईल."

काकूंचा हात तिथेच थांबला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्थळ चालून आलं होतं. बोर्डाची गटारं आणि रस्ते करणाऱ्या ठेकेदाराचा पुतण्या. तिशी उलटलेला, पहिली बायको नांदली नव्हती. ठेकेदारानं देण्याघेण्याचा शब्द काढला नव्हता. उलट मुलीच्या बापाला कायम करून घ्यायला अध्यक्षांकडे शब्द टाकतो म्हणाला होता.

"हिचं वय काय?" काकूंनी विचारलं.

"तेरा पूर्ण झाली."

"अगं, पण..."

"मला तिघी आहेत, काकू," ती बाई म्हणाली. त्यात राग नव्हता, रडंही नव्हतं. बाहेर ऊन आहे असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

रेडिओला एवढंच विचारायचं होतं, की या कपड्यांना खिसा लावता येईल का. आई म्हणाली, लग्नाच्या कपड्यांना खिसा नसतो. का नसतो, असं तिनं विचारलं. आईनं पिशवीतून लग्नाचं कापड काढून काकूंपुढे ठेवलं.

दुपारी सभा भरली. बोर्डाच्या कचेरीच्या माडीवरची ती लांबट खोली, मधे टेबल, वर कुरकुरणारा पंखा. पहिले विषय नेहमीसारखेच झाले. कोपऱ्यावरचा दिवा बंद होता, तो लावायचं ठरलं. मोकाट कुत्र्यांवर चर्चा झाली आणि कुत्री होती तिथेच राहिली. मग सार्वजनिक शौचालयाच्या दाराच्या कडीचा विषय निघाला. तो पुष्कळ सभा चालत आला होता. कडी आतून असावी की बाहेरून, यावर दोन तट होते. आतून लावली तर लोक वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि उठत नाहीत, असं एका सभासदाचं ठाम मत होतं. ते सांगताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी कडीसाठी उपसमिती नेमली गेली. कोपऱ्यातले एक वयस्क सभासद झोपेतच हात वर करून मोकळे झाले.

पुढचा विषय होता सभागृह देण्याबाबत. ठेकेदारांच्या पुतण्याच्या लग्नासाठी बोर्डाचं सभागृह मागितलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मंजूर?" आणि टेबलाभोवती 'मंजूर, मंजूर' असं पुटपुटणं फिरलं. चिटणिसांनी पेन टेकवलं.

"थांबा," काकू म्हणाल्या.

सभेत आजवर त्या फक्त आपल्या वॉर्डातल्या नळाविषयी बोलल्या होत्या, तेही एकदा. त्यांनी सांगितलं, की नवरी तेरा वर्षांची आहे. आज सकाळी तिचं माप त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलं आहे. आणि बोर्डानं आपल्या छपराखाली असलं लग्न होऊ देऊ नये.

अध्यक्ष चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, आणि त्याचीच लोकांना भीती वाटायची. "बाई," ते हसून म्हणाले, "विषय सभागृहाचा आहे. नवरीचा नाही. छप्पर गळतं का, खुर्च्या पुरतात का, ते विचारा, उत्तर देतो. वय बघायला पोलीसचौकी आहे, आईबाप आहेत. बोर्डानं काय काय बघायचं?"

कुणीतरी हसलं. काकूंनी समोर बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बोर्डावर आलेले, गावात ज्यांच्या शब्दाला वजन, असे. रेडिओला त्यांनीच बाराखडी शिकवली होती. मास्तरांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. ठराव झाला. काकूंनी हात वर केला नव्हता, तरी चिटणिसांनी सवयीप्रमाणे 'सर्वानुमते' लिहिलं.

जिन्यात मास्तरांनी त्यांना गाठलं. आवाज खाली करून म्हणाले, "तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण अशी एकदम सभेत काढायची नसते गोष्ट. पद्धत असते." मग कुठली पद्धत, असं काकूंनी विचारलं. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो, आणि छत्री टेकत उतरून गेले.

काकू तशाच चौकीवर गेल्या. तिथला अधिकारी भला माणूस होता. बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आईबाप राजी, मुलगी राजी, तर तक्रार कुणाची मानायची? मुलीच्या नात्यातलं कुणी पुढे आलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर बोर्डाचं पत्र आणा, मी स्वतः येतो. काकूंनी सांगितलं, की बोर्ड म्हणतं हे काम चौकीचं. त्यानं खांदे उडवले. कायदा दोन्ही दारांत उभा होता. आत घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

त्या पंपवाल्याच्या घरी गेल्या. तो टाकीवरून नुकताच आला होता, हातपाय धूत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाला, तुम्हाला आम्ही घरचं माणूस समजत होतो. आजच मला अध्यक्षांनी बोलावून विचारलं, की या बाईला तू पढवलंस का? "काकू, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका," तो म्हणाला, आणि एवढं बोलताना त्याचे डोळे भरून आले, म्हणून काकूंना त्याच्यावर रागावताही येईना. धाकट्या दोघी दाराआडून बघत होत्या. रेडिओ चुलीपाशी होती. तिनं काकूंना हात केला.

ते कपडे आपण शिवणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं मनाशी घोकत काकू गाळ्यावर परतल्या. मागच्या मशीनवर यजमान बसले होते आणि मशीनवर तेच कापड होतं.

यजमानांनी मान वर न करताच बोलायला सुरुवात केली. आपण नाही शिवलं तर पलीकडचा शिवेल. लग्न काय कपड्यांवाचून अडतं? आणि गाळा बोर्डाचा आहे, हे विसरून कसं चालेल? हात दाखवून अवलक्षण कशाला? बिचारे वाईट माणूस नव्हते. आयुष्यभर त्यांनी कुणाचं वीतभर कापड ठेवून घेतलं नव्हतं. मशीन चालू राहिलं.

लग्न झालं. सभागृह भरलं होतं, पुढच्या रांगेत सगळं बोर्ड होतं, मास्तरसुद्धा. काकूंनी त्या दिवशी गाळा उघडला नाही. पंपवाला त्या पावसाळ्याआधी कायम झाला.

रेडिओ त्यानंतर काकूंना एकदाच भेटली, बाजारात. सासू पुढे चालली होती, ही मागून दोन पिशव्या घेऊन. पोट दिसू लागलं होतं. चेहऱ्यावरची हाडं वर आली होती. काकूंना पाहून ती थांबली. सासूचं लक्ष नाही असं बघून तिनं घाईघाईनं विचारलं, "आमच्या वर्गात यंदा पहिलं कोण आलं, काकू?" काकूंना ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, विचारून सांगते. सासूनं हाक मारली, तशी ती गेली.

काकूंनी खरंच शाळेत जाऊन विचारलं. पण सांगायची वेळ आली नाही. बाळंतपणात ती दोन दिवस अडली. घरच्या बायकांना वाटत राहिलं, आज सुटेल, उद्या सुटेल. दवाखान्यात न्यायचं ठरलं, तोवर तिच्यात त्राण उरलं नव्हतं. मूल आधी गेलं, मग ती. रेडिओची आई काकूंच्या गाळ्यासमोरून रडत गेली, पण आत आली नाही. कोणत्या तोंडानं यायचं, असं तिला वाटलं असेल. आणि काकूंनाही तेच वाटून त्या मशीनवरून उठल्या नाहीत.

पुढच्या सभेत पहिलाच विषय दुखवट्याचा होता. ठेकेदार बोर्डाचे जवळचे, त्यांच्या घरचं दुःख ते बोर्डाचं दुःख, असं अध्यक्ष म्हणाले. चिटणिसांनी वाचलं, "ठेकेदारसाहेबांच्या पुतण्याच्या सौभाग्यवतींचे अल्पशा आजाराने निधन झाले. ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते." खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या.

काकू उठल्या नाहीत. बसून राहायचं असं त्यांनी काही ठरवून आणलं नव्हतं. सगळे बसल्यावर त्या म्हणाल्या, "आजार नव्हता. बाळंतपण होतं. आणि तिचं वय लिहा."

चिटणिसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, दुखवट्यात वय लिहायची पद्धत नाही, बाई.

"चौदा," काकू म्हणाल्या. "लिहा किंवा नका लिहू. चौदा."

चिटणीस खाली बघत राहिले. पेन हललं नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. येत्या महिन्याचं सभागृह देण्याबाबत. तीन अर्ज होते, तिन्ही लग्नाचे. त्यानंतर टाकीच्या दुरुस्तीचा विषय होता, म्हणून पंपवाल्याला बोलावून घेतलं होतं. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. मुलगी गेल्यापासून त्याची दाढी वाढली होती.

"माझी सूचना आहे," काकू म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "यापुढे सभागृह देताना नवरीचं वय बघायचं. अठराच्या आत असेल तर सभागृह द्यायचं नाही. आता हा विषय सभागृहाचाच आहे, साहेब. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत."

अध्यक्षांनी पुढ्यातले तिन्ही अर्ज एकावर एक नीट रचले. मग नियमाचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माणसाच्या शांतपणानं म्हणाले, "ठीक आहे. सूचना आली. सूचनेला अनुमोदन लागतं. नाही मिळालं तर सूचना पडते. कुणाचं अनुमोदन?"

काकूंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कडीच्या उपसमितीचे दोघे आपल्या कागदांत बुडाले होते. मास्तरांनी चष्मा काढला होता आणि तो पुसत होते.

दाराशी हालचाल झाली. पंपवाल्याचा हात वर गेला होता.

अध्यक्षांनी तिकडे पाहिलं. "तुझा विषय नंतर आहे," ते म्हणाले. "जरा थांब."

पंपवाल्यानं हात खाली घेतला नाही. तो बोर्डाचा नोकर होता, सभासद नव्हता. त्याच्या हाताची मोजदाद कुठल्याच नियमात होत नव्हती. ज्यांच्या हातांची होत होती, ते हात टेबलावर, चहाच्या कपांच्या कानांशी, चष्म्याच्या काचांशी गुंतलेले होते. काकू मास्तरांकडे बघत राहिल्या.

पद्धतीप्रमाणे अध्यक्षांनी पुन्हा एकदा विचारलं, "आहे का कुणाचं अनुमोदन?"