ताऱ्यावरचा डाग आणि माझी काच

मित्रांनो, मी दुर्बिणीला जोडायचा एक जुना कॅमेरा आहे आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. दोन मालकांच्या हातांतून फिरून मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात ऋताकडे आलो. ती कॉलेजात शिकवते आणि घराच्या गच्चीवरून तारे मोजते.

आमचे काम तरुण ताऱ्यांचे. आपला सूर्य लहानपणी जसा असेल, तसे हे तारे. ते गरागरा फिरतात आणि त्यांच्या अंगावर मोठमोठे काळे डाग असतात. डाग आपल्याकडे वळला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. मी तो उजेड टिपतो आणि त्या चढउतारांवरून ऋता डागांचा नकाशा काढते. चार वर्षे मी हे इमानाने केले. ऋता मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची.

मग खंडेनवमी आली. ऋताचे बाबा, अच्युतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी शिलाई मशीन पुजले, स्कूटर पुजली आणि मला पाटावर ठेवले.

"बाबा, त्याले राहू द्या ना," ऋता म्हणाली.

"काहून? सगळ्यायची पूजा केली, यानं काय घोडं मारलं?"

त्यांनी माझे झाकण काढून हळदकुंकू वाहिले. मी फुलून गेलो! पण कुंकवाचा एक कण माझ्या काचेवर पडला, आणि तेव्हापासून माझा थरकाप सुरू झाला.

दुर्बीण फिरताना जराशी सरकते. त्यामुळे आम्ही तेव्हा पाहत होतो तो तारा रोज ठरलेल्या वेळी त्या कणाच्या सावलीत यायचा आणि मंद दिसायचा. ऋताला वाटले, हा तारा बरोबर एका दिवसात स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि त्याच्यावर भला मोठा डाग आहे. एरवी ती संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून माझ्याकडून त्याचा एक फोटो घ्यायची. माझ्यातली खोट त्यात दिसते. दसरा-दिवाळीच्या घाईत ते राहून गेले होते आणि ती दसऱ्याआधीचेच पांढरे फोटो वापरत होती.

नकाशा तयार झाला. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक शर्मिष्ठा मॅडम खूश झाल्या. त्या तो परिषदेत मांडणार होत्या. बाबांनी गोल बाजारात ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला पोरीचे कौतुक ऐकवले. मी मात्र भीतीने अर्धा झालो होतो. पुढे कोणीतरी मोठ्या दुर्बिणीने पाहणार, डाग सापडणार नाही, आणि ऋताच्या कामावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? मला ओरडायचे होते, पण मला तोंड नाही.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी तिने कापड ताणले. पांढऱ्या फोटोत एक गोल काळी सावली उमटली. तिने मला दुर्बिणीवरून सोडवून काच उजेडात धरली. कुंकवाचा लाल कण तिथे चिकटला होता.

बाबा मागेच उभे होते. "मीच लावलं होतं ना ते," ते हळूच म्हणाले.

ऋताने काच पुसली. मित्रांनो, आता पुरावा उरला तो फक्त तिच्याजवळच्या त्या फोटोत. ती गप्प बसली असती तर कोणाला कळले असते? तिने शर्मिष्ठा मॅडमना फोन लावला आणि माझा जीव टांगणीला लागला.

"मॅडम, उद्या नकाशा दाखवू नका," ती म्हणाली. "डाग ताऱ्यावर नव्हता. माझ्या कॅमेऱ्यावर होता."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बरं झालं आज बोललीस. आता सगळं पुन्हा मोज."

बाबांचा चेहरा पडला होता. "आता याची पूजा नाही करत मी."

"करा ना बाबा. फक्त झाकण लावून करा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर माया करा, पण आंधळा विश्वास ठेवू नका. आम्हाला रोज तपासा. आमची चूक आम्हाला कळते, सांगता येत नाही. आणि तुम्ही ती खरी मानून पुढे निघालात, की आम्ही नुसते भीत राहतो.