मागच्या दारच्या कोंबड्या

"आज कापतोच एकेकीला!" जगन्नाथ ओरडला, आणि शेणाच्या पाटीला अडखळून परसात सपशेल आडवा झाला.

कुंपणापलीकडून शेजारची विनिता वयनी खो-खो हसली. "आधी उठ तरी, भावजी! पाच महिनं ऐकतंय, कापतो, कापतो. सुरी गंजली, तोंड तेवरं चालतंय."

"हस, हस. तुना काय? ताप मना हाय."

तापच होता. चिंचोटीच्या अंगाला, डोंगराखाली घर. भात झोडून झालेलं, खाचरातल्या चिखलाचे दगड झालेले, रस्त्यानं डंपर गेला की धुरळा थेट ताटात. दिवस मावळला की जगातल्या कोंबड्या खुराड्यात जातात. ह्याच्या जात नव्हत्या. दिवेलागणीला पाचही म्हाताऱ्या मागच्या दारासमोर येऊन उभ्या राहायच्या. ओळीनं. हूं नाही की चूं नाही.

त्याच दारातून त्याची बायको सावित्री सूप घेऊन बाहेर यायची. "चला गो बायांनो, झाला दिस," म्हणायची, कणी टाकायची, की सगळ्या तिच्या मागनं खुराड्यात. आषाढात अशीच सूप घेऊन उंबऱ्यावर टेकली, ती उठलीच नाही. तेरावं झालं आणि जगन्नाथनं त्या दाराला आतून अडसर घातला. तेव्हापासून तो पुढच्या दारानं, सगळ्या घराला वळसा घालून परसात यायचा.

कोंबड्यांना कुठलं तेरावं? नऊ होत्या. चार रानमांजरानं उभ्या जागेवरून नेल्या. तरी बाकीच्या तसूभर हलल्या नाहीत. रोज एकेकीला धरून आत कोंबायची, तर ह्याचे गुडघे गेलेले.

पोरगा सुजय बोळिंजला फ्लॅटमध्ये. फोनवर रोज एकच. "पप्पा, विकून टाक ना त्या. इकडे ये. लिफ्ट आहे, गुडघ्याचं टेन्शन नाय."

"विकायला माझ्या हान का? तुझ्या आयशीच्या हान."

विनिता वयनी कुंपणाला रेलली. "कोंबरं झाकलं म्हनून उजारायचं र्‍हात नाय, भावजी. दाराला अडसर घालून काय होतंय? असं कर. नव्या तरन्या तलंगा आन. त्यांना ही खोर नाय. त्या सरल खुरार्‍यात जातील, त्यांचं बघून ह्या म्हाताऱ्या जातील."

"टोचून मारतील ह्या त्यांना."

"एकदम सोरलंस तर मारतील. आठ दिस मधी जाली लाव. एकमेकींना बघूं दे. मंग अंधार परला की दांरीवर म्हातारीच्या बाजूला एकेक नेऊन बसव. कोंबरीला अंधारात दिसत नाय. सकाली उठली की तिला वाटतं, ही व्हतीच इथं."

"जमलं नाय तर कोंबऱ्या तुना, आनी मी बोळिंजला. घराला टालं."

"बरं," वयनी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

वालीवकडच्या एकाकडून सात तलंगा आणल्या. पायानं लांब, अंगानं हडकुळ्या, नुसत्या चिवचिव. आठ दिवस जाळी. नवव्या दिवशी अंधार पडल्यावर एकेक उचलून दांडीवर ठेवली. सकाळी काबरीनं, म्हाताऱ्यांतल्या मुखत्यारणीनं, एकीचं डोकं फोडलंच. जगन्नाथनं हळद-तेल लावलं. पाण्याचं दुसरं भांडं ठेवलं, मुळ्याचा पाला उंच टांगला. टोचायचंय ना, त्याला टोचा! चार दिवसांत पाल्याचे दांडे उरले आणि भांडण विझलं. ह्या चार दिवसांत एकीलाही बाहेर सोडलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं.

सांज झाली. जगन्नाथ चिंचेखाली उभा, वयनी कुंपणाशी. सातही तलंगा टुणटुण करत खुराड्याकडं निघाल्या.

"बघितलंस? बोललू ना!" वयनीनं टाळी वाजवली.

पाच म्हाताऱ्या दाराशी उभ्या होत्याच. काबरीनं घशातल्या घशात एक खर्ज काढला. बारीक पोर झोपलेलं असताना बाई बोलते, तसा. पहिल्या तलंगेचा पाय उचललेला तिथंच राहिला. ती वळली. मग दुसरी. मग सगळ्या.

बारा झाल्या. ओळीनं. बंद दाराकडं तोंड करून.

ह्या सातांनी सावित्रीला कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

"जुन्यांचं बघून शिकल्या, भावजी," वयनी पदर तोंडाशी धरून म्हणाली. "दुसरं काय नाय." आणि भाकरी टाकायचीय म्हणून भराभरा घरात गेली. चूल अजून पेटलेली नव्हती तिची.

जगन्नाथ पेटला. तरातरा वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरला, काळोख्या चुलीघरातनं चाचपडत गेला. पावसात फुगून रुतलेला अडसर दोन्ही हातांनी ओढून काढला. दार करकरलं.

"काय बघतव गो? काय हाय इथं? मी हाय नुस्ता!"

एकीनंही त्याच्याकडं बघितलं नाही. कोंबडी बघते ती एका डोळ्यानं, मान कलती करून. बाराही माना कलत्या झाल्या. बारा डोळे त्याच्या खांद्यावरून, मागं, चुलीघरात लागले होते. आणि ते डोळे थांबून राहिले नव्हते. कुणी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालत यावं, तसे हळूहळू सरकत आले, ते थेट त्याच्या उजव्या हाताशी.

काबरीनं पिसं झाडली. वळली आणि खुराड्याकडं चालू लागली. तिच्यामागं म्हाताऱ्या, त्यांच्यामागं तलंगा. कणी टाकल्यावर करतात तसं गळ्यातल्या गळ्यात कुरकुरत. शेवटची डोकं फुटलेली. आपापल्या आत गेल्या.

परसात काही उरलं नाही. जगन्नाथनं मागं वळून बघितलं नाही.

गुडघे धरून तो उंबऱ्यावर बसला. मधोमध नाही, डाव्या अंगाला सरून, उजवीकडं एका माणसापुरती जागा सोडून.

"लय येळ लावलास गो," तो म्हणाला.