मशीनच्या आवाजातली झोप

"जा, खाली जाऊन बिस्किटं घेऊन ये," म्हणत मी लेकीला पिटाळलं. मला त्या मुलाशी एकटीने बोलायचं होतं. बोलायचं म्हणजे काय, नाही म्हणायचं होतं.

माझी लेक डॉक्टर. शिवणाच्या मशीनवर पाय मारून मारून शिकवलं मी तिला. आता तिच्या हॉस्पिटलच्या मालकांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती, संध्याकाळी त्यांना उत्तर द्यायचं होतं. आणि आमच्या बाईसाहेबांना हा समोर बसलेला हवा! हाही तिथलाच डॉक्टर, पण ना अंगावर ऐट, ना पायात धड बूट. मालकांचं घर मी बघून आले होते. केवढं घर! टाचणी पडली तरी ऐकू येईल असं शांत. बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "आई, मला इथं झोप नाही यायची."

"झोपेचं काय घेऊन बसलीस? गाद्या बघितल्यास का?" मी खेकसले. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा होता. ह्या मुलात हिला दिसलं तरी काय?

तो रात्रपाळी करून थेट आला होता, खुर्चीत अवघडून बसला होता. नुसतं तोंडाकडे बघत बोलणं मला जमत नाही, म्हणून अर्धा राहिलेला शाळेचा गणवेश मशीनवर घेतला.

"हे बघ बाळा, राग मानू नकोस," पाय मारता मारता मी सुरुवात केली. "माझा सगळा जन्म ह्या एका खोलीत गेला. लेकीनं तरी..."

वर बघते तर काय, स्वारी झोपलेली! मान खांद्यावर, तोंड उघडं. मशीन एवढी खडखडतेय आणि हा ढाराढूर. अस्सा संताप आला! लग्नाचं बोलायला आलाय की लोळायला? मग चेहरा नीट पाहिला. कुणाचं तरी लेकरू, रात्रभर जागलेलं. झोपू दे घटकाभर, म्हणून शिलाई संपताच मी पाय थांबवला.

तो दचकून उठला. "काय झालं? मशीन का थांबली?"

मी बघतच राहिले. लेक तान्ही असल्यापासून मशीनच्या पायाशी झोपायची, आणि मी थांबले रे थांबले की टक्क डोळे उघडायची.

"तुला रे कशाला हवी मशीन?"

तो ओशाळला. "आमचं घर छापखान्याच्या माळ्यावर होतं, काकू. बाबा खाली छपाई करायचे. खडखड असली की मला लगेच झोप लागते, ती थांबली की जाग येते. सॉरी हं. तुम्ही काहीतरी सांगत होतात."

सांगायचं होतंच. ते मोठं घर डोळ्यांपुढे आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मान मोडून शिवलं ते लेकीला तसल्या दारातून आत गेलेली बघायलाच.

"काही नाही रे," मी म्हणाले. "पड जरा, ती येईपर्यंत."

गणवेश घडी करून बाजूला ठेवला. कापड नसलं की दोरा गुंततो, म्हणून सुईतून दोरा ओढून काढला. आणि नुसतीच मशीन चालवत बसले.